ऑस्टर लेक ठाण्याचा पाद्री

ऑस्टर लेकच्या माणसाला "कसं काय?" विचारलं की तो "बरं चाललंय" म्हणतो. पाय प्लास्टरमध्ये असला तरी बरं चाललंय, वादळानं छप्पर उडालं तरी बरं चाललंय. बायको सोडून गेली, तर फार तर "याहून वाईट झालं असतं" एवढं म्हणून तो लगेच हवापाण्यावर येतो. आमच्या मिनेसोटात दुःख असं चारचौघांत काढायची पद्धत नाही. अशा गावात ज्याचं कामच लोकांना बोलतं करायचं, त्या माणसाची काय गत होत असेल? ती गत डेल्मर त्वाइटच्या वाट्याला आली होती आणि त्याला ती मनापासून आवडायची.

डेल्मर गावच्या लुथरन चर्चचा निवृत्त पास्टर. उंच, किंचित वाकलेला, बोलायला संथ. निवृत्तीनंतर त्यानं लाकडाची बदकं कोरायला घेतली. बदकं कोंबड्यांसारखी दिसायची. त्याची बायको आर्लिस हिनं महिनाभर कौतुक केलं, पण कॉफीच्या डब्यात भुसा सापडल्यावर तिनं त्याला साफ सांगितलं, की देवानं तुला बोलायला तोंड दिलंय, कोरायला हात दिलेले नाहीत, तेव्हा घराबाहेर काहीतरी बघ.

योगायोगानं त्याच आठवड्यात हायवेवर अपघात झाला. गावातल्या एका बाईला जाऊन सांगायचं होतं, की तुझा नवरा आता येणार नाही. तेव्हाचे म्हातारे पोलीस चीफ तिच्या दारापर्यंत गेले आणि घंटा न वाजवताच परत फिरले. वाटेत डेल्मरचं घर लागलं, तिथून त्याला गाडीत घालून पुन्हा गेले. डेल्मरनं घंटा वाजवली. आत जाऊन, तिला खुर्चीत बसवून, सरळ शब्दांत सांगितलं, की अपघात झाला आणि त्यात तो मेला. गोल गोल बोललं की ऐकणारा आशेला लागतो, हे त्याला इतक्या वर्षांच्या मयतींनी शिकवलं होतं. मग त्यानं तिच्याच स्वयंपाकघरात कॉफी केली, आणि डुलुथहून तिची बहीण येईपर्यंत तो तिथून हलला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो पोलिसांचा पाद्री झाला. पगार नाही. पाठीवर 'चॅप्लेन' लिहिलेलं जाकीट मिळालं, तेही एक माप मोठं. ठाण्यात झाडू-बादल्यांच्या खोलीतून झाडू-बादल्या काढून तिथं एक टेबल आणि समोरासमोर दोन खुर्च्या टाकल्या. त्या खुर्चीत कधी कुणी येऊन बसलं नाही. डेल्मरही लवकरच शहाणा झाला. आपल्याकडच्या पुरुषाला समोर बसवून "काय वाटतंय?" विचारलं, की त्याच्या तोंडाला कुलूप लागतं, आणि बायकाही काही मागे नाहीत. पण तोच माणूस शेजारी बसला, दोघांच्या नजरा समोरच्या रस्त्यावर असल्या, मधे कॉफीचा थर्मास असला, की कुलूप आपोआप निघतं. म्हणून डेल्मर गस्तीच्या गाडीत बसायला लागला. आज याच्या गाडीत, उद्या त्याच्या. पहिला अर्धा तास मासे, हॉकी आणि कुणाच्या ट्रकचं इंजिन कसं वाजतंय. मग कुठल्यातरी वळणावर गाडी चालवणारा म्हणायचा, "परवाची गोष्ट आहे, तसं काही विशेष नाही म्हणा..." आणि डेल्मर ओळखायचा, आता येतंय.

गाडीतलं गाडीतच राही. डेल्मर ते आर्लिसलासुद्धा सांगत नसे, आणि आर्लिसनं याबद्दल त्याला उभ्या जन्मात माफ केलेलं नाही. याचा परिणाम मात्र मोठा मजेशीर झाला. ठाण्यातला प्रत्येक जण समजत होता, की पाद्र्याजवळ मन मोकळं करणारा भित्रा आपण एकटेच. बाकीचे सगळे पोलादाचे. त्यामुळे चारचौघांत डेल्मरची टिंगल करण्यात सगळ्यांची अहमहमिका. आणि त्यात सगळ्यांत पुढे सार्जंट व्हर्न बोल्के.

व्हर्न म्हणजे दरवाजाएवढा माणूस. ठाण्यात जुना, आवाज मोठा, विनोद त्याहून मोठे. डेल्मर दिसला की हा दोन्ही हात जोडून मान खाली घालायचा आणि म्हणायचा, "आले आमचे सरकारमान्य देवदूत. पास्टर, पापं नंतर ऐका, आधी आर्लिसच्या लिंबाच्या वड्या काढा." सगळे हसायचे. डेल्मरही हसायचा आणि वड्यांचा डबा उघडायचा.

मागच्या हिवाळ्याच्या शेवटी तळ्यावर एक प्रसंग घडला होता. आता तो सगळ्या गावाला ठाऊक आहे, म्हणून सांगायला हरकत नाही. एक जण बर्फावरची आपली मासेमारीची खोपटी ओढून आणायला ट्रक घेऊन तळ्यावर गेला. मार्चमध्ये बर्फ विरघळायला लागल्यावर असं करू नये, हे इथल्या पाच वर्षांच्या पोरालाही कळतं, आणि दरवर्षी कुणीतरी पन्नाशीचा बाप्या करतोच. बर्फ फुटला. व्हर्न पोटावर सरपटत कडेपर्यंत गेला आणि त्यानं त्या माणसाच्या कोटाची बाही धरली. दोघं बोललेसुद्धा. आणि मग तो माणूस कोटातून निसटला. व्हर्नच्या हातात नुसता कोट राहिला.

दुसऱ्या दिवशी व्हर्न कामावर हजर. कसं काय विचारलं, तर बरं चाललंय. विनोदही नेहमीसारखे. मग एका मंगळवारी डेल्मर त्याच्या गाडीत बसला असताना तळ्याजवळच्या रस्त्यावर त्यानं गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. बराच वेळ तो स्टिअरिंगकडे बघत बसला. शेवटी डेल्मरनं विचारलं, "कोट कुठल्या रंगाचा होता?"

"हिरवा," व्हर्न म्हणाला. "कॉलर फाटलेली होती." आणि मग त्या एवढ्या मोठ्या माणसाला जे रडू फुटलं, ते आवरता आवरेना. तेव्हापासून मंगळवार व्हर्नचा. दर मंगळवारी तळ्याजवळचा तोच रस्ता, तोच थर्मास. कधी त्या माणसाविषयी बोलणं, कधी नुसतं बसणं. आणि बुधवारी सकाळी पुन्हा "आले आमचे देवदूत."

म्हातारे चीफ निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी मिनियापोलिसहून रेनाटा कोवाल आल्या. बाई हुशार, कष्टाळू आणि न्यायी, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं त्यांचा राग येण्याचा संभव आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी ठाण्यात पाऊल ठेवून चौफेर बघितलं आणि प्रसन्नपणे म्हणाल्या, "किती शांत गाव आहे हो तुमचं." ठाण्यात 'शांत' हा शब्द कुणी काढत नाही. काढला की काहीतरी घडतंच. वायरलेसवर बसणाऱ्या लॉइसनं डोळे मिटून घेतले. तासाभरात एक दुधाचा टँकर चौकात आडवा झाला, दोन शेजारी कुंपणावरून फावडी घेऊन भिडले आणि शाळेच्या स्वयंपाकघरात अस्वल शिरलं. त्या दिवसापासून लोक नव्या चीफना जरा भिऊनच वागायला लागले.

चीफनी ठाण्याचा सगळा कारभार तपासायला घेतला. प्रत्येकाला बोलावून काय काम करता ते विचारलं. डेल्मरची पाळी आली.

"पास्टर, तुमच्याबद्दल सगळे चांगलं बोलतात," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही नक्की करता काय, ते मला कुणीच सांगत नाही."

"गाडीत बसतो," डेल्मर म्हणाला.

"आणि?"

"कॉफी नेतो."

त्यांनी समजुतीनं घेतलं. म्हणाल्या, नावं नकोत, पण निदान कुणाला तुमचा उपयोग होतो का, एखादं उदाहरण तरी द्या. डेल्मरनं विचार केला. एवढ्याशा ठाण्यात उदाहरण दिलं की नाव आलंच. तो म्हणाला, "ते काही जमायचं नाही, चीफ." चीफनी सांगितलं, की पोलिसांसाठी शिकलेले सल्लागार आता संगणकाच्या पडद्यावरून मिळतात, कुणीही केव्हाही बोलू शकतं, आणि ती खोली मला कपाटांसाठी हवी आहे. तरी मी एकटी ठरवणार नाही, सगळ्यांना विचारते.

आणि त्यांनी खरोखरच विचारलं. सकाळच्या हजेरीला, सगळ्यांसमोर. डेल्मरही कोपऱ्यात उभा होता. "पास्टर त्वाइटांशी कधी मन मोकळं करून बोललंय, अशांनी हात वर करा. लाजायचं कारण नाही."

शहरात हे चालत असेल. आमच्याकडे भर चौकात कपडे काढा म्हणण्यासारखंच हे. झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणी बुटांकडे बघितलं, कुणी छताकडे. लॉइसला अचानक वायरलेसचा आवाज कमी करायची गरज भासली. एकही हात वर झाला नाही. शेवटी व्हर्नच बोलला.

"आपल्याला बुवा गरज लागली नाही कधी. आर्लिसच्या वड्या बंद होणार नसतील, तर आपलं काही म्हणणं नाही."

सगळे हसले. डेल्मरही हसला. महिनाअखेरीला त्याचं काम थांबणार, असं ठरलं.

घरी येऊन तो जाकीट न काढता स्वयंपाकघरात बसून राहिला. त्याला फार लागलं होतं. चर्चच्या वेदीवरून इतकी वर्षं बोलला, तेव्हा लोक खुशाल डुलक्या काढायचे, त्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं. पण या लोकांची कुठली कुठली रडणी त्याच्यापाशी होती, आणि त्यांनी त्याला ओळखसुद्धा दिली नव्हती. हजेरीला काय झालं, ते आर्लिसनं त्याच्याकडून काढून घेतलं. ती म्हणाली, एकाचंच नाव सांग, चीफला बंद खोलीत सांग, कुणाला कळणार आहे?

"मला कळेल," डेल्मर म्हणाला.

"तुझं ना, डेल्मर, आपलेच दात आणि आपलेच ओठ," ती चिडून म्हणाली, आणि त्याच्यापुढं सूपचा वाडगा आपटून ठेवला. मग त्याच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला.

शनिवारी सकाळी गुडघाभर बर्फ पडला. डेल्मर उठून बघतो, तर व्हर्न बोल्के आपलं बर्फ उडवायचं यंत्र घेऊन त्याच्या दारापुढचा रस्ता साफ करतोय. आमच्याकडे क्षमा अशी मागतात. डेल्मर कॉफीचे दोन मग घेऊन बाहेर गेला. दोघं साफ झालेल्या रस्त्याकडे बघत शेजारी शेजारी उभे राहिले.

"चीफचं तसं चुकलं नाही म्हणा," व्हर्न म्हणाला.

"नाही."

"मंगळवारचं काय मग?"

"घरी ये. दार उघडंच असतं."

"पास्टर, तुमच्या दारात माझी गाडी उभी राहिली, की दुपारपर्यंत विचारणा सुरू होईल, बोल्केच्या घरी कोण वारलं म्हणून."

डेल्मरनं पडद्यावरच्या सल्लागाराचं सुचवलं. व्हर्न म्हणाला, बघितलं करून. चांगला माणूस आहे, पण सारखा डोळ्यांत बघतो. मग त्यानं कॉफी संपवली, पायानं उगाच थोडा बर्फ सरकवला आणि म्हणाला, की मी बिल्ला परत करून घरी बसायचा विचार करतोय. मंगळवार होता म्हणून बुधवारी उठून यायचो. आता कशाच्या जोरावर येऊ, कळत नाही.

स्वतःचा अपमान डेल्मर गिळू शकत होता, पण हे गिळता येईना. चीफकडे जाऊन एक वाक्य बोललं, तर व्हर्नचा मंगळवार वाचत होता. पण ते वाक्य बोललं, तर तो मंगळवार व्हर्नचा राहत नव्हता. त्यानं व्हर्नला एवढंच सांगितलं, की महिना संपेपर्यंत घाई करू नकोस. रविवारी चर्चमध्ये त्यानं प्रार्थना केली, आणि निवृत्त पास्टर असूनही त्याला ती धड जमली नाही.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी चर्चच्या तळघरात निरोपाची कॉफी ठेवली होती. सगळं ठाणं आलं. चर्चमधल्या बायकांनी भट्टीतून काढलेले बटाट्याच्या गोळ्यांचे गरमागरम हॉटडिश मांडले, आर्लिसनं वड्या केल्या. चीफनी छोटंसं, नेटकं भाषण केलं. डेल्मरला मासे पकडायचा नवा गळ काठीसकट भेट दिला. टाळ्या झाल्या, पोटं भरली, निघायची वेळ झाली.

आता आमच्याकडे निघणं हा काही एका दमात होणारा कार्यक्रम नव्हे. आधी गुडघ्यावर थाप मारून "चला मग" म्हणायचं आणि बसून राहायचं. मग कोट घालून जिन्याशी उभं राहायचं. मग गाडीपर्यंत जाऊन दार धरून बोलायचं. पण त्या दिवशी हे प्रमाणाबाहेर गेलं. जिन्यापाशी गर्दी तुंबली. बायकांची सगळी भांडी धुऊन झाली, दिवे मालवले, तशी सगळी मंडळी पार्किंगमध्ये आली आणि तिथं उभी राहिली. ऊन उतरायला लागलं. नाकातून वाफा निघत होत्या. जो तो दुसऱ्याला म्हणत होता, तू हो पुढं, घरी वाट बघत असतील. आणि कुणीच पुढं होत नव्हतं. हवेवर बोलून झालं, बर्फावर बोलून झालं, गेल्या वर्षीच्या बर्फावर बोलून झालं. डेल्मर मधोमध नवा गळ धरून उभा, आणि सगळे त्याच्याभोवती पाय आपटत.

चीफना पायांची बोटं जाणवेनाशी झाली होती. त्यांनी हळूच लॉइसला विचारलं, "ही माणसं घरी का जात नाहीत?"

"प्रत्येकाला शेवटी राहायचंय," लॉइस म्हणाली.

"कशासाठी?"

"पास्टरशी एकट्यानं बोलायला."

चीफनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. "प्रत्येकाला?"

लॉइसचे डोळे भरून आले होते. "मी मघापासून व्हर्नच्या जाण्याची वाट बघतेय, आणि हा मेला हलत नाही."

व्हर्ननं ते ऐकलं. तो लॉइसकडे वळला, मग बाकीच्यांकडे. सगळे जिथल्या तिथं, खिशात हात, बुटांकडे नजर. त्याच्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळ लागला, पण पडला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"मी सगळ्यांसमोरच बोलतो," तो म्हणाला. "नाहीतर इथंच गोठून मरू. पास्टर, तळ्यावरचा तो माणूस माझ्या हातातून सुटला, त्यानंतर मी घरी बंदूक कपाटात ठेवून किल्ली बायकोकडं द्यायला लागलो होतो. तुम्ही दर मंगळवारी माझ्याजवळ बसलात, म्हणून मी आज इथं आहे. हजेरीला मी खोटं बोललो."

मग लॉइस नाक पुसत म्हणाली, "मंगळवारी? मंगळवारी तर पास्टर दाताच्या डॉक्टरकडे असतात."

"मला गुरुवारी सांगितलं होतं दाताचं," मागून कुणीतरी म्हणालं.

"मला सोमवारी."

"एवढे दात माणसाला असतात तरी का?" व्हर्न म्हणाला, आणि सगळे जे हसत सुटले, ते हसणं आणि रडणं यांत फरक करणं कठीण झालं. एकाचा दिवस दुसऱ्यापासून लपवायला पाद्री असून खोटं बोलायचे का तुम्ही, असं लॉइसनं विचारलं.

पण डेल्मर हसत नव्हता. गावात आजवर कुणी त्याचा आवाज चढलेला ऐकला नव्हता, वेदीवरूनही नाही.

"एक हात तरी वर करायचा होता रे," तो म्हणाला. "तुमचं नाव मी मेलो तरी घेतलं नसतं. पण मला त्या कोपऱ्यात उभं करून तुम्ही सगळे छताकडे बघत होता. फार लागलं मला. अजून लागतंय."

व्हर्न पुढं झाला. हात कुठं ठेवावेत हे त्याला कळेना, म्हणून त्यानं आधी डेल्मरच्या हातातला गळ काढून घेतला, आणि मग त्याला मिठी मारली. आमच्या गावात दोन पुरुषांनी भर पार्किंगमध्ये मिठी मारल्याचं कुणाच्या आठवणीत नाही. "चुकलं आमचं, पास्टर," तो म्हणाला.

चीफ पुढं आल्या. म्हणाल्या, चूक पहिली माझी, अशी गोष्ट हात वर करून विचारायची नसते. कपाटं कुठंतरी लागतील. उद्यापासून तुम्ही परत या.

"नको, नको," डेल्मर सवयीनं म्हणाला. "उगाच तुम्हाला अडचण." कुठलीही चांगली गोष्ट समोर आली, की निदान दोनदा नाही म्हणायचं, हे आमच्या हाडात भिनलेलं. शहरातल्या चीफना हे कुठं ठाऊक? त्यांचा चेहरा उतरला. आर्लिसनं नवऱ्याच्या बरगडीत कोपर मारलं.

"तो हो म्हणतोय," ती चीफना म्हणाली.

"हो," डेल्मर म्हणाला.

मग दिवसांची वाटणी सुरू झाली. आजवर लपवलेलं आता सगळेच उघडपणे मागत होते. लॉइसला गुरुवार पाहिजे होता, सोमवारवर दोघांचा हक्क निघाला, आणि चीफनी कुणाचं लक्ष नाही असं बघून शुक्रवार मोकळा आहे का, असं विचारलं.

"मंगळवार माझा," व्हर्न सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, आणि टोपी घालून आपल्या गाडीकडे गेला.